वहिनीचं बाळंतपण आणि सोनिवलीचा बांबू

लॉकडाऊनचा विषय निघाला की आमच्या घरात एकाला दुसरा किस्सा चिकटून येतो आणि चहा गार होतो. आता हसतो. तेव्हा वहिनी पहिलटकरीण होती, पायांवर सूज होती, दादा गुजरातला साइटवर अडकला होता आणि निर्णय घ्यायला घरात आई-आप्पा होते. यातलं सगळ्यात धोकादायक काय, ते तुम्हीच ठरवा.

*

सातव्या महिन्यात आईने डोहाळजेवणाचा हट्ट धरला. मी म्हटलं, "आई, जमावबंदी आहे."

"बायका अंगणाबाहेरच थांबतील," आई म्हणाली.

थांबल्या. कुंपणातून पीव्हीसी पाइप आत घेतला आणि त्यातून ओटी भरली. तांदूळ आले, खण आला. नारळ अडकला. आईने पलीकडून मुसळाने ढोसला. तो सुटला तो थेट वहिनीच्या दिशेने! ती ज्या चपळाईने बाजूला झाली, ते पाहून बायका म्हणाल्या, "मुलगाच."

*

बदलापूर गावातल्या डॉक्टरबाईंनी दवाखाना बंद करून व्हिडिओ कॉलवर तपासणी सुरू केली. मी ऑनलाइन परीक्षेत होते, म्हणून फोन आप्पांनी धरला.

बाई म्हणाल्या, "डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवा."

आप्पांनी स्वतःची ओढली.

"रक्त कमी दिसतंय," बाई म्हणाल्या, "आणि पेशंटला मिशी कशी?"

*

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आईचं ठरलेलं. वहिनीचं माहेर उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, गल्ली पत्रे ठोकून सील.

"इथे केलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक घरात बंद आहेत, आई."

"फोन चालू आहेत ना त्यांचे."

*

कळा सुरू झाल्या. आई, मी आणि वहिनी रिक्षात. बदलापूरला पहिल्या हॉस्पिटलचा माणूस म्हणाला, "टेस्टचा रिपोर्ट असल्याशिवाय ॲडमिट करत नाही."

"टेस्ट कुठे होते?"

"इथेच. ॲडमिट झाल्यावर."

अंबरनाथचं हॉस्पिटल कोविडसाठी राखीव झालेलं. "पेशंट पॉझिटिव्ह असेल तर घेतो."

"आणि नसेल तर?"

"मग इथे कशाला आणताय? काहीतरी होईल तिला."

वहिनीने माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी फुटली. ती ओरडत नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. शेवटी उल्हासनगरला एका छोट्या हॉस्पिटलातल्या नर्सने रिक्षात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "रिपोर्ट गेला खड्ड्यात, पहले अंदर लो." थोड्याच वेळात मुलगी रडली. वहिनीही रडली, मीही.

आई डोळे पुसत म्हणाली, "बघ. झालं ना शेवटी माहेरच्या गावात?"

*

बाळाला घेऊन परत आलो तर आमच्या सोनिवलीच्या वेशीवर बांबू आडवा. आप्पांच्याच पुढाकाराने गावाने नियम केलेला, बाहेरून येणाऱ्याने आधी वेशीबाहेरच्या शाळेत राहायचं. बांबूवर ड्यूटी आप्पांची. गळ्यात शिट्टी, शेजारी त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका.

"तिघी शाळेत," आप्पा म्हणाले. "बाळाला आत दे."

काका म्हणाले, "बाळ पण बाहेरूनच आलंय."

"ते सोनिवलीचं आहे."

"जन्म कुठे झाला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनीच बोलली. लग्नानंतर आप्पांसमोर पहिल्यांदाच तिने मान वर केली होती. "असू दे, आप्पा. नियम तुम्हीच केलाय. नातीचं तोंड नंतर बघा."

आणि तिने बाळाच्या तोंडावर पदर ओढला.

आप्पांनी शिट्टी काढून काकांच्या हातात दिली. बांबूखालून वाकून ते आमच्या बाजूला आले, पदर बाजूला सारून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग काकांकडे वळून दरडावले, "आता मीही बाहेरचा. कितीही विनवण्या केल्या तरी मला आत सोडू नकोस."

आणि आमच्या पुढे शाळेकडे चालू लागले.