हवा पुरत नाही, अण्णा म्हणाले होते

हे मी चार वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून एरवी माझं काही लपत नाही. तुम्हाला सांगतोय तर सरळ सांगायला हवं. पण सरळ सांगता आलं असतं तर चार वर्षं लागली असती का?

इथं अमेरिकेत, बॉथेलमधलं आमचं घर जुनं आहे आणि तळघरातला बॉयलर त्याहून थोडाच तरुण. गॅसवर पाणी तापवतो, ते पाणी रेडिएटरमधून घरभर फिरतं. त्याच्या पोटात एक लहानशी ज्योत सतत जळत असते — पायलट. ती विझली की बॉयलर बंद आणि घर गार. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती दर दोन-तीन दिवसांनी विझायला लागली.

त्या वेळी आई-अण्णा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. कागदाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलरवर होते. अमेरिकेत त्यांना काहीच आवडलं नाही — ना थंडी, ना दूध, ना ते मुके रस्ते — पण तळघरात गेले आणि खूश झाले. आंघोळ, देवाला नमस्कार, की खाली. हात लावायचे नाहीत, नुसते बसून बघायचे. आठवड्याभराने म्हणाले, "वर स्वयंपाकघरातला पंखा लागला की खाली ज्योत लवते. हवा पुरत नाही न त्याला." आणि रोज सकाळी तळघराची खिडकी चार बोटं उघडी ठेवू लागले. रात्री मी ती लावून टाकायचो.

मी हसलो. मी मेकॅनिकल इंजिनिअर, वर इथली मास्टर्स. अण्णा दहावी पास. शिवाय फोडणीचा वास कोटांना लागतो म्हणून तो दणकट पंखा मीच बसवला होता. थंडी आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्यांच्या फटी मीच पट्ट्या चिकटवून बुजवल्या होत्या. म्हणजे दोष निघालाच तर माझ्या कामात निघणार — हे मला तेव्हा कळत होतं का? थोडंसं कळत असावं.

एका सकाळी पायलट विझलेला आणि खिडकी उघडी दिसली. मी आईसमोर, मेधासमोर ओरडलो, "अण्णा, ही तुमची फॅक्टरी नाही! तुम्ही काहीतरी चाळे करता म्हणून विझतो हा!" खिडकी लावली आणि तळघराच्या दाराला कुलूप घातलं. वडिलांच्या डोळ्यांदेखत.

इथपर्यंतचं मेधाला माहीत होतं. पुढचं नाही.

तीन दिवसांनी, कुलूप तसंच असताना, पायलट विझला. मी एकटा खाली गेलो, तो पुन्हा पेटवला आणि देवघरातली एक उदबत्ती बॉयलरच्या धुराड्यापाशी धरली. धूर वर ओढला गेला — ठीक. इतक्यात वर मेधाने फोडणीला टाकलं, पंखा लागला, आणि धूर वळून माझ्या तोंडावर आला. पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता. नवी हवा आत यायला मी फटच ठेवली नव्हती, म्हणून ती धुराड्यातून उलटी खाली उतरत होती. बॉयलरचा विषारी धूर असाच घरात साचला असता तर? अण्णांच्या त्या चार बोटांनीच आम्हाला सांभाळलं असणार; ज्योत विझत होती ती रात्री, मी खिडकी लावल्यावर. हे सगळं मला त्या एका मिनिटात कळलं.

वर जाऊन एवढंच सांगायचं होतं. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी मेधा आई-अण्णांना देवळात घेऊन गेली, तेवढ्यात माणूस बोलावून तळघरात बाहेरची हवा आणणारा पाइप बसवून घेतला. गुपचूप. त्यानंतर पायलट विझला नाही.

आणि मग — इथंच यायचं होतं मला — संक्रांतीला घरी चार मंडळी जेवायला होती. एका मित्राने सहज विचारलं, "काका, तो बॉयलर फिक्स झाला का?" अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी तिळगुळाचा डबा फिरवत म्हणालो, "आता त्याला कुणी हात लावत नाही ना, मस्त चालतो!" सगळे हसले. अण्णाही हसले. मान हलवून म्हणाले, "खरं आहे. माझंच चुकत असेल."

ते परत गेले. वर्षभराने आई फोनवर सांगत होती — पूर्वी शेजारपाजारचे मिक्सर, इस्त्र्या, गीझर सगळे अण्णांकडे यायचे. आता कुणी काही आणलं तर म्हणतात, माझा हात भरवशाचा राहिला नाही. तेव्हा तरी सांगायचं? मी ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

यंदा पायलट पुन्हा रुसला. बटण दाबून धरलं की पेटतो, सोडलं की जातो. दुरुस्तीवाला म्हणाला, बॉयलरच बदला. मागच्या शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडे रविवारी सकाळी, मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. ते लगेच म्हणाले, "मला नको विचारू रे. मला काय कळतं त्यातलं?"

तेव्हा सांगितलं. उदबत्ती, पाइप, संक्रांत — सगळं. मेधा जिन्यात उभी राहून ऐकतेय हे दिसलं, तरी थांबलो नाही.

अण्णांचा चेहरा लाल झाला. "चार वर्षं? काहून नाही सांगितलं बे?" लाज वाटली म्हणून, असं मी म्हणालो. दुसरं कारण नव्हतंच. त्यांनी फोन ठेवून दिला. माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. त्यांची चार वर्षं काही माझ्या एका फोनने परत येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच व्हिडिओ कॉल आला. कसा आहेस वगैरे काही नाही.

"आधी गॅस बंद कर. मोबाइल खाली धर. अजून खाली. ज्योतीपाशी ती कांडी दिसते न? काजळी धरली तिच्यावर, धग पोचत नाही तिला, म्हणून बटण सोडलं की गॅस तुटते. सोडव ती, साफ करू."

"पण अण्णा, दुरुस्तीवाला म्हणत होता की—"

"त्याचं राहू दे. मी सांगून राहिलो न!"

मी पाना उचलला.