मागच्या बाकावरचे बाप

दुर्गेशभाऊला आमच्या विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष कोणी केलं, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. निवडणुका तर तेव्हा बंदच होत्या. पण जूनमध्ये कॉलेजच्या फाटकाशी जे टेबल लागायचं ते त्याचं होतं, आणि त्याला तिथून उठवायची कोणाची छाती नव्हती. दुसऱ्या संघटनांचे पुढारी नव्या पोरापोरींना गुलाबाची फुलं द्यायचे आणि बॅनरवर स्वतःचे फोटो छापायचे. याच्या टेबलाशी पाण्याचा माठ आणि टोपलंभर आलूबोंडे. आणि नव्या पोरांकडे हा ढुंकूनही पाहायचा नाही. हा स्वागत करायचा बापांचं.

"पोट्टे रमतात गा दोन दिवसांत," तो आपल्या सोबत्यांना सांगायचा. "घाबरते बाप. अन बाप घाबरला की पोरगी दुपारच्या एसटीनं वापस."

त्याची एक पद्धत होती. आधी बापाच्या खांद्यावरची पेटी खाली ठेवून घ्यायची. मग पाणी, मग धानाची चौकशी, मग आलूबोंडा. शेवटी बापाला पोरीसोबत पहिल्या तासाला मागच्या बाकावर नेऊन बसवायचं. सरांना त्याने कसं पटवलं होतं देव जाणे. पण वर्गात मागच्या दोन ओळी धोतर-टोपीवाल्यांनी भरलेल्या असायच्या, आणि सर त्यांच्यादेखत जरा नीट शिकवायचे.

माझे बाबा, देवराव, तसेच एक दिवस तिथे आले. आमचं गाव पारशिवनीच्या पुढे, घरी धानाची शेती. मी बारावीत चांगली पास झाले आणि नागपूरला शिकायचं म्हणून महिनाभर घर डोक्यावर घेतलं. बाबा एवढंच म्हणाले, "पाहून येऊ." आता आमच्या घरात 'पाहून येऊ' म्हणजे नाही म्हणायची पहिली पायरी. जमीनही आम्ही अशीच पाहून आलो होतो, घेतली कधीच नाही. त्यात आईने निघताना कानात सांगितलं, की चार रात्री बाबांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

फाटकातून आत आलो तर मोटरसायकलींवर पोरं, त्यांच्या मागे बसलेल्या पोरी, कुठे गाणी, कुठे खिदळणं. बाबा जागीच थांबले. पेटी खांद्यावर तशीच.

"चाल वं सोनिका," ते म्हणाले. "पाहून झालं."

तेवढ्यात दुर्गेशभाऊ टेबल सोडून आला. तोही पारशिवनीकडचाच, बाबांच्या बोलण्यावरून ओळखलं त्याने.

"काकाजी, जासान न. कोण अडवून राहिलं? पण पेटी काहून खांद्यावर? ठेवा खाली, पाणी प्या."

बाबांनी पाणी प्यायलं, पण पेटी काही ठेवली नाही. आलूबोंडाही एका हाताने खाल्ला. असा माणूस त्यालाही पहिल्यांदाच भेटला असेल. शेवटी पेटीसकटच बाबांना त्याने वर्गात नेलं आणि स्वतः त्यांच्या बाजूला बसला.

सर शेवाळावर बोलत होते. शेवाळ हा विषय असा आहे की चांगली झोप झालेल्या माणसालाही पुन्हा झोप यावी. मी पुढच्या बाकावरून सारखी मान वळवून बघत होते. अर्ध्या तासात बाबांची मान छातीवर. पेटी मांडीवर, डोळे बंद. मला लाज वाटली आणि खूप बरंही वाटलं. तास संपला तेव्हा दुर्गेशभाऊने सगळ्या वर्गादेखत त्यांना हलवलं. "काकाजी, उठा न, तास संपला." सगळी पोरं हसली.

बाबांनी डोळे चोळले, पेटी माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "ज्या जाग्यावर बापाले झोप लागते, तिथं पोरीले काय भेव? राह्य तू."

बावीस वर्षं झाली या गोष्टीला. मी तिथेच शिकले आणि आता तिथेच शिकवते. शेवाळच शिकवते. दर वर्षी नव्या पोरांच्या स्वागताला मी ही गोष्ट सांगते आणि पोरं हसतात. फाटकाशी आता ते टेबल नाही. सगळं मोबाईलवर होतं, बाप गाडी फाटकाबाहेरच लावून पोराला सोडतात आणि तिथूनच परत जातात. मला ते टेबल फार आठवतं. माठातलं पाणी आठवतं. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून तर जास्तच.

यंदा स्वागताच्या दिवशी वर्गाच्या मागच्या दाराशी एक जाडजूड माणूस उभा दिसला. दुर्गेशभाऊ. पारशिवनीत त्याचं कृषी केंद्र आहे, बियाणं आणि खतं विकतो. सोबत त्याची पोरगी खुशी, माझ्याच वर्गात प्रवेश झालेली.

"बॅग कुठे आहे हिची?" मी विचारलं.

"डिकीत हाय. राहू दे तिथंच," तो नजर चुकवत म्हणाला. "पाहून राहिलो अजून. पारशिवनीतही कॉलेज हाय न. काहून एवढ्या दूर?"

खुशीचा चेहरा पडला. मला तर तसाही राग लवकर येतो. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," मी म्हटलं. "दुनियेचे बाप बसवले तुम्ही मागच्या बाकावर, आणि आता स्वतःची पाळी आली तर डिकी उघडत नाही? चला, बसा."

"ते औषध माह्याच घरचं हाय," तो म्हणाला, "मले नाही लागू पडणार." पण बसला.

मी शेवाळ शिकवायला घेतलं आणि फळ्याकडे कमी, मागच्या बाकाकडे जास्त बघितलं. दुर्गेशभाऊचे डोळे टक्क उघडे. शेवटपर्यंत उघडे. तास संपल्यावर मी त्याला बाहेर व्हरांड्यात गाठलं. खुशी अजून आत होती, नव्या पोरींशी बोलत.

"नाही लागली झोप," तो म्हणाला.

"मग नेता का तिला परत?"

त्याने दारातून आत खुशीकडे पाहिलं. "तुह्या बाबालेही नव्हती लागली, सोनिका."

मला आधी समजलंच नाही.

"मी बाजूलेच होतो न. डोळे मिटले होते त्यायनं, पण पेटीखाली माहा हात धरून ठेवला होता. सोडतच नव्हते. हळूच म्हणे, हिले ठेवून जायची हिंमत नाही होत, अन वापस नेलं तर जन्मभर हिच्या तोंडाकडं पाहू कसा? मंग म्हणे, तास संपला की मले हलवून उठवजो, पोरीदेखत. अन तिले सांगू नको."

मी व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. बावीस वर्षं मी पोरांना हसवत होते. प्राध्यापक बाई भर कॉलेजात रडते म्हणून कोणी बघत असेल तर बघो, मला त्याचं काही वाटलं नाही. त्या माणसाची भीती गेलीच नव्हती. ती तशीच सोबत घेऊन ते एकटे एसटीत बसले होते.

खुशी बाहेर आली. सकाळी माझी गोष्ट तिनेही ऐकली होती. ती बापासमोर येऊन उभी राहिली आणि भीत भीत म्हणाली, "बाबा, झोप लागली होती का तुम्हाले?"

दुर्गेशभाऊने माझ्याकडे बघितलं.

"लागली न वं," तो म्हणाला. "मस्त लागली."

आणि खिशातून गाडीची किल्ली काढून तो डिकी उघडायला गेला.