रडत येणारी राजदूत

कुरखेड्याच्या बसस्टँडमागे अयूब मिस्त्रीचं टिनाचं गॅरेज होतं. आतल्या खांबाला खिळा आणि खिळ्याला तेलकट फडक्यात गुंडाळलेलं दातेरी चाक. त्याच्या राजदूत मोटरसायकलचं मागचं सॉकेट ते, गाडीसोबत आलेलं. शहाण्णवच्या उन्हाळ्यात अयूबनं ते काढलं आणि भंगारातलं थाळीएवढं मोठं सॉकेट बसवलं. चेनला कड्या वाढवल्या.

कारण नानाजी. पहाडावरच्या गावचा धानवाला शेतकरी. नाल्यावरचं त्याचं डिझेल इंजिन बंद पडलं की अयूबला बोलावणं येई आणि सामान लादलेली राजदूत अर्ध्या चढावर मरे. सॉकेट बदललं तशी मागे नानाजी, त्याच्या मांडीवर इंजिनाचं हेड, तरी गाडी पहिल्या गिअरात न थांबता वर गेली.

"हे तं बैल झालं गा, अयूबभाऊ."

"बैलच. जोर देल्ला तिले, पल्ला काढून घेतला."

हे अयूब हसत बोलला होता. पल्ला कोणाचा गेला ते घरी कळलं.

त्याची बायको रशिदा वरोऱ्याची. एसटीत बसली की वडसा यायच्या आधीच तिला उलट्या. त्यामुळे माहेर म्हणजे राजदूतच. पहाटे फजरला निघायचं, दुपारच्या जेवणाला पोचायचं. अम्मीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती दारात बसलेली असे आणि गाडी नाक्यावर असतानाच सुनेला सांगे, "रशिदा आली, चाय ठेव." हजार गाड्या जात त्या रस्त्यानं, पण अम्मीचा कान कधी चुकला नाही.

मोठं सॉकेट लावून पहिल्यांदा निघाले तेव्हा ताशी तीसच्या वर गाडी नुसती रडे. इंजिन तापे, म्हणून सावली दिसेल तिथे थांबत गेले. वरोऱ्यात शिरताना ऊन उतरलं होतं. गाडी थेट दारापुढे बंद केली, तरी अम्मी हलली नाही.

"कौन है?" तिनं विचारलं.

रशिदा परतल्यावर बोलली.

"ते जुनं लाव. मायनं ओळखलं नाई मले."

"लावतो ना. धानाचे पऱ्हे निघू दे."

पऱ्हे निघाले, रोपं लावून झाली, धान कापलं, मग उन्हाळी धानाचे पंप. जुन्या सॉकेटच्या दातांवर ताणलेली चेन उडते, तर नवी चेन पाहिजे. ती आणली, तर नानाजी दारात. पहाडावर दुसरी गाडी चढतच नव्हती.

"जगाच्या गाड्या खोलतोस," रशिदा भाकर थापता थापता म्हणे, "आपली खोलाले काऊन हात दुखते तुहे?"

अयूब मान खाली घालून जेवे. ती मात्र दर शुक्रवारी गॅरेजात जाई, खिळ्यावरचं सॉकेट उतरवून पुसे, दोन थेंब तेल लावून परत अडकवी. असे दोन साल गेले; त्यात वरोऱ्याला गेले ते मोठ्या सॉकेटवरच. मग वरोऱ्याहून भावाचा फोन आला, की अम्मी आता उठून चालत नाही, दारात तेवढी आणून बसवावी लागते.

त्याच दिवशी अयूबनं मागचं चाक काढून जुनं सॉकेट चढवायला घेतलं. नानाजी आला तर त्यालाही पान्हा धरायला बसवलं.

"माह्या पंपाचं?"

"चार दिवस बैलानं पाणी ओढ."

गाडी पळाली. नागभीड, चिमूर, कुठेही थांबणं नाही. रशिदाचा पदर मागे फडफडत होता आणि ती नवऱ्याच्या कानात पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आवाज तोच आहे ना? पह्यल्यासारखाच आहे ना?"

तोच होता. नाका मागे पडला, गल्ली आली. अम्मी दारात होती, मान तिरपी करून, कान रस्त्याकडे. गाडी समोर थांबली. अम्मीचा कान रस्त्याकडेच.

"कौन है?"

"अम्मी, मी."

म्हातारीनं हात चाचपडत तिचा चेहरा धरला. मग नाराजीनंच म्हणाली, "तुझी गाडी तर रडत येते. दोन साल रोज त्याच आवाजाची वाट बघत बसले मी. ही कोणाची आणली?"

अयूब हँडल धरून तसाच उभा राहिला. रशिदानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

परत येताना वडशाला रशिदा म्हणाली, "मोठंच लाव."

"पुरा दिवस जाते मंग."

"जाऊ दे. तिले तेच ओळखू येते."

आता वरोऱ्याला जाताना चिमूरच्या पुढे एका मोहाच्या झाडाखाली राजदूत थंड होत उभी असते. अयूब टाकीवर ओला दुपट्टा टाकतो. रशिदा रस्त्याच्या कडेला उभी राहते, तोंड वरोऱ्याकडे.

"झालं का?"

"इंजिनाले हात लावून पाह्य. चटकाच बसते अजून."

ती हात लावत नाही. तिकडे आतापर्यंत अम्मीला दारात आणून बसवलं असेल.