हद्दीपुरता हुकूम
आमचे काका कोर्टात बेलिफ होते. समन्स घेऊन घरोघर जायचं, कोणी दार उघडलं नाही तर शेजाऱ्यांसमक्ष दारावर डकवायचं. लोकांनी शिव्या घातल्या, अंगावर कुत्री सोडली, काका ढिम्म. एक गृहस्थ माळ्यावर लपला, तर काका खाली स्टूल टाकून बसले. शेवटी शिंका देत स्वारी उतरली. कागदात काय लिहिलंय ते मात्र त्यांनी कधी वाचलं नाही. नाव, पत्ता, शिक्का पाहिला की झालं. "आपण पोचवणारे. नाक खुपसायचं नाही," म्हणायचे.

काकांची मुलगी, माझी ताई, नर्स. घटस्फोटानंतर तिच्या नवऱ्याने, त्या नालायकाने, तिचे नको ते फोटो एका साइटवर टाकले. ताईने घराबाहेर पडणं सोडलं. पुढे परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली, तशी ती निघून गेली.

काकांनी दावा लावला. साइट चालवणारी कंपनी कुठल्या तरी तिसऱ्याच देशातली. नोटिसा जशाच्या तशा परत यायच्या. "यांना दारच नाही रे. डकवू कुठे?" काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापलेला मी पहिल्यांदा ऐकला.

शेवटी कोर्टाने साइटवरचं ते फोटोंचं पान बंद करायचा हुकूम दिला. काकांनी सवयीप्रमाणे नाव आणि शिक्का पाहून तो कपाटात ठेवला. मोबाइलवर पान उघडेना, तेव्हा ढसाढसा रडले. लगेच ताईला फोन लावला.

"मिटलं गं बाळ सगळं! आता ताठ मानेने राहा तिथे."

"हो बाबा."

संध्याकाळी ताईचा मला फोन. "इथे अजून दिसतंय रे. वॉर्डमधल्या मुलींनीही पाहिलंय. मी नोकरी सोडून घरी येणार होते. आता आले तर बाबांना कळेल, काही मिटलेलं नाही."

मी हुकूम काढून वाचला. पान बंद, पण फक्त देशाच्या हद्दीत. परक्या कंपनीवर आमच्या कोर्टाची सत्ता तेवढीच.

"काकांना सांगतो," मी म्हणालो.

"खबरदार! किती दिवसांनी पोटभर जेवलेत ते."

ताई तिथेच राहिली. काका दर रविवारी विचारायचे, "लोक नीट वागतात ना गं?" ती म्हणायची, "हो बाबा, खूप." मी समोर बसून ऐकायचो. फोन ठेवला की काका मला सांगायचे, "बघ, याला म्हणतात कोर्ट."

गेल्या वर्षी काका गेले. त्यानंतरच ताईला घरी येता आलं.