पहिला ऑक्टोपस कुणाचा

माझी नणंद नाजिया पाण्यात उतरली की तिचा झगा फुग्यासारखा वर येतो आणि ती त्याला चापट मारून खाली बसवते. माझ्या दोन्ही पोरांना ती चापट इतकी आवडते की घरात जेवताना आपापल्या सदऱ्यांना चापट्या मारून खिदळत बसतात. नऊ-नऊ महिने पोटात मी वागवलं, पण मला बघून ती कधी अशी खिदळलेली आठवत नाहीत. मला बघितलं की त्यांना शेंबूड पुसायचा राहिलाय हे आठवतं.

सरळच सांगते, मी जळते. शेजारची सालहा म्हणते, "दलेंदा, नशीब काढलंस बाई, पोरं सांभाळणारी नणंद मिळाली!" हिला काय जातंय म्हणायला? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

नाजिया माझ्या नवऱ्याची, खमैसची, थोरली बहीण. चाळिशी उलटली, लग्न केलं नाही. दोन स्थळं आली होती म्हणे. एक नाकारलं कारण नवरदेव स्फाक्स शहरातला, आणि तिथलं पाणी हिला काळं दिसतं. दुसरं नाकारलं कारण बघायला आलेला बाप्या फेरीबोटीतून उतरला तोच ओकत. बापाने तिच्या वाट्याला समुद्रातलं खजुराच्या झावळ्यांचं कुंपण ठेवलंय. भरतीबरोबर मासे त्यात शिरतात आणि ओहोटीला अडकतात. ही स्वतः जाते, मासे काढते, धक्क्यावर व्यापाऱ्यांशी भांडून विकते. आवाज असा की केरकेना बेटाच्या या टोकाला ती शिंकली तर त्या टोकाला कुणीतरी "अल्ला तुझं भलं करो" म्हणत असेल. आमच्याच अंगणापलीकडच्या खोलीत राहते.

आणि मी जैतुनांच्या मुलखातली. समुद्र पहिल्यांदा बघितला तो लग्नाच्या दिवशी, फेरीबोटीवरून, आणि लग्नाच्या शालीतच उलटी केली. तेव्हा माझं डोकं नाजियानेच धरलं होतं. नाकारत नाही मी ते. पण डोकं धरलं म्हणून पोरंही हिनेच धरायची?

आता मुद्द्याचं. आमच्या गल्लीत एक रीत आहे. पोराने स्वतःच्या हाताने धरलेला पहिला ऑक्टोपस आपल्या माणसाच्या पायाशी आणून टाकायचा. ज्याच्या पायाशी पडेल त्याने तो खडकावर बडवून मऊ करायचा, शिजवायचा आणि गल्लीभर वाटायचा. मग त्या पोराची पहिली शिकार कुणाची हे गल्ली जन्मभर सांगते. खमैसने आपला आईच्या पायाशी टाकला होता. नाजियाने बापाच्या. नादिरला आठवं लागलं तेव्हाच मी मनाशी ठरवून टाकलं, याचा माझ्या पायाशी पडणार. हिला सगळं मिळालं, हे मिळू द्यायचं नाही.

त्या वर्षी जूनमध्ये शाळा सुटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं गायब. नाजियाने दोघांच्या पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधले होते. नादिरला पोहता येत होतं, पण उमैमाला डबा म्हणून त्यालाही हवा. उमैमा पाच वर्षांची, पाण्यात बेडकासारखी पाय झाडत होती, आणि नाजिया तिच्या पोटाखाली हात धरून सांगत होती, "पुढे बघ, खाली नको बघू. मी धरलंय."

मी वाळूवर भाकरी आणि उकडलेली अंडी घेऊन बसलेली. "ताई, लांब नका हो नेऊ!"

"अगं दलेंदा, इथे कमरेएवढं पाणी नाही! मासासुद्धा झोपूनच जातो इथून!"

पोरं हसली. मी अंडी सोलत राहिले. पुढच्या आठवड्यात खमैस फेरीबोटीच्या कामावर निघाला तेव्हा त्याच्याकडून मी स्फाक्सहून बदकाच्या तोंडाची पोहायची रबरी ट्यूब मागवली. चांगली पिवळीधमक. नादिर म्हणाला, "आई, हे बाळांचं असतं." उमैमाने एक फेरी मारली आणि टाकून दिली. दोन दिवसांनी बघते तर नाजिया त्या बदकावर तिसऱ्यांची टोपली ठेवून ओढत आणतेय. "बरं आहे गं हे, तरंगतं!" म्हणाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

उन्हाळा सरता सरता गावामागचं खाजण वाळून पांढरं फटक पडतं आणि पोरांचा फुटबॉल सुरू होतो. नाजिया गोलकीपर. दोन्ही हातांनी झगा पसरून उभी राहिली की चेंडू जायचा कुठून? मी म्हटलं, पाण्याची भीती असेल मला, जमिनीची नाही. झगा खोचला, धावत गेले आणि अशी सणसणीत लाथ घातली की माझी चप्पल उडून गोलात गेली. चेंडू होता तिथेच.

"गोल!" नादिर ओरडला. "आईच्या चपलेचा गोल!"

नाजिया हसून हसून मिठाच्या जमिनीवर बसलीच. रात्री जेवताना खमैस विचारतो, "मग, चपलेचा धरला का गोल?" त्याच्या कुसकुसवर मी हरिसाच्या तिखटजाळ चटणीचा असा गोळा घातला की त्याने पुढे तोंड उघडलं ते पाणी मागायलाच.

पण माझाही मोसम येतो. नोव्हेंबरात माझ्या वडिलांकडे जैतुनांची तोडणी असते. तिथे समुद्र नाही, झगे फुगत नाहीत, तिथे मी राणी. बोटांत मेंढीच्या शिंगाची टोपणं घालून फांदी अशी विंचरते की खालच्या चादरीवर जैतुनांचा पाऊस पडतो. वर्षभर मी त्या दिवसांची वाट बघते. पोरं माझी, झाडं माझी, माहेर माझं.

"ताईलाही नेऊ," खमैस म्हणाला. "तेवढेच दोन हात वाढतील."

"हात वाढतील की तोंड?"

"तिला तोडणी बघायचीय गं. पोरांनीच बोलावलंय."

पोरांनीच बोलावलंय! म्हणजे माझ्या माहेराचं आमंत्रणही आता माझ्या हातात नाही.

आली बाई. आणि पहिल्याच दिवशी अल्लाने माझं ऐकलं. जी बाई गळ्याएवढ्या पाण्यात काळोखात एकटी मासे काढते, ती शिडीच्या दुसऱ्या पायरीवर अडकली. खोडाला मिठी मारली, डोळे मिटले.

"दलेंदा, हे हलतंय."

"शिडी नाही हलत ताई, तुमचे पाय हलताहेत!" मी शेंड्यावरून ओरडले. असं गोड वाटलं म्हणून सांगू! "नादिर! उमैमा! या, या, आत्या बघा तुमची! झाडाला लटकलेली घोरपडच!"

माझे भाऊ हसले, भावजया हसल्या, उमैमा हसली. नादिर बाजूच्या झाडावरून उतरला, धावत आला आणि शिडीला दोन्ही हात लावून उभा राहिला.

"आत्या, वर बघ, खाली नको बघू. मी धरलंय."

ती अजून दोन पायऱ्या चढली. एक फांदी विंचरली, मूठभर जैतून पडले असतील. नादिरने टाळ्या पिटल्या. मी सबंध झाडाचा शेंडा रिकामा करत होते, तिकडे एकाची मान वळली नाही. त्या दिवसापासून मी मनात धरलं, ठीक आहे, शिडी तिची, टाळ्या तिच्या. पण ऑक्टोपस माझा.

जानेवारीत थंडी कडकडीत पडली आणि मोठी ओहोटी आली. नाजियाने पोराला रबरी बूट चढवले, हातात काठी दिली, काठीच्या टोकाला पांढरं फडकं. बिळाबाहेर रिकाम्या शिंपल्यांचा ढीग दिसला की फडकं हलवायचं, ऑक्टोपस त्यावर झडप घालतो. मी किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभी. सालहा तिथेच तिसऱ्या उकरत होती, उमैमाला तिच्याजवळ बसवलं. सकाळीच नादिरला जवळ घेऊन मी सांगितलं होतं, "बाळा, आज मिळाला तर कुणाच्या पायाशी टाकायचा, माहितीय ना?"

"कुणाच्या?" त्याने विचारलं.

कुणाच्या! पण तोंडाने सांगून मागितलं तर त्यात काय राहिलं? मी म्हटलं, "काही नाही, कानटोपी घाल."

दोघं मांडीएवढ्या पाण्यात पोचली. नाजिया वाकून दाखवत होती. फडकं हललं, नादिर ओणवा झाला, आणि एकदम ओरडला, "धरला! आत्या, धरला!" हात वर केला तर कोपरापर्यंत ऑक्टोपस गुंडाळलेला. चांगला मोठा. मी टॉवेल घट्ट धरला. आता वळेल, आता कुणाकडे बघेल, एवढंच माझ्या डोक्यात.

त्या मेल्याने एक पाय नादिरच्या गळ्याभोवती टाकला. दुसरा गालावर चिकटला. पोराचं तोंड पांढरं पडलं.

"आई!"

मी पळत सुटले. टॉवेल कुठे पडला, चप्पल कुठे गेली, ठाऊक नाही. घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं, माझाही झगा फुगला, त्याला चापट मारायला वेळ कुणाला? मांडीला बर्फासारखं पाणी लागलं तेव्हा मी पोराजवळ होते. नाजियाने एका हाताने त्याला धरलं होतं, दुसऱ्या हाताने पाय सोडवत होती. एक सोडवला की दोन चिकटायचे.

"हात सोडला तर पोरगं पडेल," ती म्हणाली. "तू चाव."

"काय?"

"डोळ्यांच्या मधे चाव! सैल पडतो तो. चाव म्हणते ना, दलेंदा!"

मी चावले. देवाशपथ सांगते, त्या थंडगार बुळबुळीत डोक्यात मी वर्षभराचे दात रोवले. तोंडभर खारट काहीतरी आलं. ऑक्टोपस ढिला पडला आणि एकेक पाय गळून खाली आला. नादिर माझ्या गळ्यात पडला. मी थुंकत होते, रडत होते आणि त्याची पाठ चोळत होते, तिन्ही एकदम.

किनाऱ्यावर आलो. नादिरच्या गळ्यावर लाल गोल वळ उठले होते. हुंदके थांबले तसा त्याला रुबाब आठवला. सालहा बघतेय, उमैमा बघतेय. त्याने ऑक्टोपस उचलला. माझ्याकडे बघितलं. आत्याकडे बघितलं. आणि आत्याच्या पायाशी टाकला.

"आत्याने शिकवलं ना," माझ्याकडे बघत हळूच म्हणाला.

ओल्या झग्यात मी लटलट कापत होते, तोंडात अजून त्या जनावराची चव, आणि शिकार तिची! मी तोंड फिरवलं. माझे डोळे हिला दिसता कामा नयेत.

"मला नको," नाजिया म्हणाली. तिने पायानेच तो ऑक्टोपस माझ्याकडे सरकवला.

"का आत्या?"

"हाक कुणाला मारलीस?"

नादिर बुटाने वाळू उकरायला लागला.

"मी इथे होते," तिने स्वतःचा हात त्याच्या नाकासमोर धरला. "इतकी जवळ. तीन उन्हाळे पोटाखाली हात घालून तरंगवलं तुला. आणि जीवावर आलं तेव्हा कुणाचं नाव घेतलंस? घोट्याच्या वर जी कधी भिजली नाही तिचं!"

ती चेष्टा करत नव्हती. खालचा ओठ दाताखाली धरून ठेवला होता तिने. तो आवाज मी ओळखला. माझ्या स्वयंपाकघरात भांडी आपटताना रोज तोच निघतो. म्हणजे ही बाई इतकी वर्षं अंगणापलीकडे बसून जळतेय? माझ्यावर? आणि खोटं कशाला बोलू, दया वगैरे काही आली नाही मला. पहिल्यांदा पोटात गारगार वाटलं.

"घ्या ताई," मी फार गोड आवाजात म्हटलं आणि ऑक्टोपस तिच्याकडे सरकवला. "तुमच्याच पायाशी टाकलाय. रीत आहे."

"तूच घे. दात तुझे लागलेत."

"विद्या तुमची."

"लेकरू तुझं."

"अगं ए भवान्यांनो," सालहा ओरडली, "कुणालाच नको असेल तर मी नेते!"

आम्ही दोघींनी एकदमच झडप घातली.

मग तो खडकावर बडवला. एक फटका ती, एक फटका मी. तिने हाणला तो त्या "आई"साठी, हे तिच्या मनगटाकडे बघूनच कळत होतं. मी चपलेच्या गोलासाठी हाणला. पिवळ्या बदकासाठी हाणला. शिडीसाठी दोन हाणले, तर ती म्हणाली, "माझी पाळी होती," आणि तिनेही दोन हाणले. पोरं टाळ्या पिटत होती, कुणासाठी ते त्यांनाच ठाऊक. दुपारी एकाच पातेल्यात शिजवला. मी जिरं घातलं, माझी पाठ वळताच तिनेही घातलं.

गल्लीभर वाट्या गेल्या. संध्याकाळी सालहा रिकामी वाटी परत घेऊन आली ती बोटं चाटतच.

"लोणी झालाय गं, लोणी! जन्मात इतका मऊ खाल्ला नाही. पोराची पहिली शिकार आणि हा असा हात! कुणाचा गं?"

"माझा," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.