सील तोडणारे दोघे

धक्क्यावर त्यांना सगळे मामा म्हणत. बोटींची इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि इंजिन सुरू करून कान लावून ऐकल्याशिवाय 'काम झालं' म्हणायचं नाही, हा त्यांचा हट्ट. मामी म्हणायच्या, "माझं एवढं ऐकलं असतंत तर संसार सोन्याचा झाला असता."

त्या वर्षी परदेशातून एक म्हातारं जोडपं शिडाची बोट घेऊन आलं आणि इंजिन बिघडून अडकून पडलं. बोट हेच त्यांचं घर. पाहुण्या बोटीला ठरावीक मुदतीपुरता कर माफ; मुदत उलटली की बोट विकूनच फेडावा लागेल एवढा कर. दुरुस्तीसाठी बोट जमिनीवर काढली तर तो काळ मुदतीत धरत नाहीत, पण तेवढ्या काळात ती वापरायची नाही. म्हणून कस्टमवाले इंजिनाच्या चावीच्या जागेवर सील लावून जातात. या बोटीचंही तसंच झालं. आता 'वापर' म्हणजे नेमकं काय, हे एका खिडकीवर एक सांगत, दुसरीवर भलतंच. हेलपाटे घालून त्या जोडप्यातले म्हातारे, ज्यांना सगळे काका म्हणू लागले होते, रडकुंडीला आले होते. शेवटी मामांनी दोघांना आपली माडीवरची खोली दिली. भाड्याचं नाव काढलं की मामी डोळे वटारायच्या.

इंजिनाचा भाग आला, बसला. मामांचा हात सवयीने पुढे गेला. इंजिन तापू नये म्हणून पाइपने पाणी जोडलं, सील उचकटलं, चावी फिरवली. इंजिन झकास चाललं. मग हातातलं तुटकं सील दिसलं आणि त्यांनी झटकन इंजिन बंद केलं; कस्टमने हा 'वापर' धरला तर काकांची बोटच जायची.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. "असू द्या," एवढंच म्हणून काका फिरायला बाहेर पडले. मामा अर्ध्या ताटावरून उठले.

सकाळी कार्यालय उघडताच ते कस्टमच्या बाईंसमोर उभे राहिले. "सील मी तोडलं. माझा धक्क्यावर काम करायचा परवाना काढून घ्या, पण त्यांची बोट सोडा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ते काका काल संध्याकाळीच येऊन गेले. म्हणाले, सील मीच तोडलं, मेकॅनिक तिथं नव्हताच. मी कुणाचं खरं मानू?"

मामांनी खिशातून तुटकं सील काढून टेबलावर ठेवलं.

"बोट पाण्यात होती?" बाईंनी विचारलं.

"नाही, लाकडी ठोकळ्यांवर."

"मग ही दुरुस्तीचीच चाचणी. यात वापर कुठला? मुदत आहे तशी राहील. मी येऊन नवं सील लावते. पण पुन्हा न विचारता हात लावलात तर परवाना गेलाच समजा."

मामांनी घर गाठलं. काका जिन्यात बूट घालत बसले होते.

"काका, खोटं कशाला सांगितलंत? बोट गेली असती तुमची."

"परवाना गेला असता तर तुम्ही काय केलं असतंत?" काका नाडी बांधत म्हणाले. "तुम्ही आम्हाला घर दिलंत की."

इतके दिवस मामा मनातल्या मनात स्वतःला उपकारकर्ते समजत होते. ते काकांच्या शेजारी पायरीवर बसले. "तुम्ही आमच्याकडे राहिलात, हे आमचं भाग्य," ते म्हणाले आणि काकांचा दुसरा बूट त्यांच्यापुढे सरकवला.