विहिरीवरचा नंबर

पुणतांब्याच्या शिवारात बनुबाईच्या पेरूला नाव होतं. घरात तिला कुणी फारसं विचारायचं नाही, पण बागेत तिच्याच शब्दाला मान. लग्न होऊन आली तेव्हा त्या रानात नुसती कुसळं होती. नवऱ्याने, आप्पासाहेबांनी, खड्डे घेतले आणि हिने हंड्याने पाणी घालून एकेक रोप जगवलं. लेक ज्ञानेश्वरी पोटात होती तरी डोक्यावरचा हंडा उतरला नाही. सासू म्हणायची, "लेकरापरीस झाडंच लई लाडाची हायेत हिला." त्यात काही खोटं नव्हतं.

मग दिवस फिरले. कांदा सलग तीन सालं मातीमोल गेला, दुधाचा भाव पडला, पेरूच्या पाट्या व्यापारी उचलेनात. आधी गाई गेल्या, मग बनुबाईच्या अंगावरचं सोनं गेलं आणि शेवटी, डोळ्यांदेखत, रान गेलं. दोघं श्रीरामपुरात एका खोलीत येऊन पडली. आप्पासाहेब गोदामावर वॉचमन झाले. बनुबाई नुसती दारात बसून राही.

रान घेणारा राधाकृष्ण भला माणूस निघाला, म्हणजे शिव्या द्यायचीही सोय नाही. त्याला प्लॉट पाडायचे होते. "झाडं ठिवशील का रं?" असं बनुबाईने विचारलं, तर तो "बघू काकू" म्हणाला. त्या एका 'बघू'वर ही बाई जगत होती. हिरव्यागार झाडाला कोण हात लावील, असं तिला वाटायचं.

विहिरीवरची मोटार फोनने चालू व्हायची. नंबर लावायचा, एक दाबला की चालू, दोन दाबला की बंद. तो नंबर आप्पासाहेबांच्या मोबाईलमध्ये तसाच होता. घरात चहापत्ती येण्याआधी त्या नंबराचा रिचार्ज व्हायचा. दुपारी इकडे चहाला आधण ठेवलं की तिकडे झाडांच्या बुडाशी पाणी ठिबकायचं. चोरीच म्हणायची ती, पण त्या वेळेपुरता बनुबाईच्या तोंडावर उजेड दिसे.

एक दिवस मोटार चालू केली आणि घटकाभरात राधाकृष्णाचाच फोन आला. आवाज मोठा होता, बनुबाईला सगळं ऐकू आलं.

"आप्पा, मोटार तुमीच लावता ना? माझा राग न्हाई. पन आता बंद करा. सकाळपासनं जेसीबी रुतून बसलाय. रान वाळल्याबिगर झाडं उपटता येत न्हाईत."

आप्पासाहेब "व्हय" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"अवो, बहार धरलाय झाडांनी," बनुबाई म्हणाली. "तेवढा निघू दे म्हना त्याला."

"कुन्या तोंडानं म्हनू? रान त्याचं हाय."

आप्पासाहेबांनी नंबर लावला, पण अंगठा काही पुढे जाईना. शेवटी त्यांनी मोबाईल तिच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. फोनमधली बाई सांगत होती, मोटार बंद करण्यासाठी दोन दाबा. बनुबाईने ते दोनदा ऐकून घेतलं. मग दोन दाबला.

मोटार बंद झाली आहे, धन्यवाद, असं ती बाई गोड आवाजात म्हणाली.

चहा उतू गेला. बनुबाई तिथेच स्टोव्हपाशी बसून ढसाढसा रडली. ज्ञानेश्वरीला सासरी लावून देतानासुद्धा ती अशी रडली नव्हती.